आमच्या भांडणाखालचा सूर

परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षणाला उभी होते. फोनचा आवाज बंद करून तो पर्समध्ये टाकला होता, पण पर्स थांबून थांबून थरथरत राहिली, तेव्हा शेवटी व्हरांड्यात येऊन उचलला. वहिनीचा फोन. माझ्या वहिनीनं मला त्याआधी कधी फोन केल्याचं आठवत नाही. आमचं जे काही बोलणं व्हायचं ते समोरासमोर, आणि बहुतेक वेळा भांडणाचं. ‘‘वन्सं, ह्ये उठंनात,’’ ती म्हणाली. ‘‘कुठं हायत?’’ ‘‘मागाच्या खोलीत. कानावर ते हेडफोन लावूनच बसल्यात... मी हलवून बघितलं.’’ एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मी वर्गात परत गेले. वेळ संपेपर्यंत थांबले, उत्तरपत्रिका गोळा केल्या, गठ्ठा बांधून ऑफिसात दिला, मग रजा टाकली आणि निपाणीच्या स्टँडवर जाऊन बेळगावची बस धरली. सख्खा भाऊ गेलेली बाई असं वागते का, असं हेडबाईंच्या तोंडावर दिसत होतं. माझं वागणं तसं होतं खरं. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली, खिडकीतून ऊस पळत होता, आणि मला रडू येत नव्हतं. राग येत होता.

सुधाकर माझा थोरला भाऊ. मी त्याला अण्णा म्हणायची. बेळगावला लागून वडगावात आमचं घर. वडिलांचे माग होते, साड्या विणायचा धंदा. ह्या पुरवणीसाठी ‘भावाच्या आठवणी’ लिहून द्या म्हणून निरोप आला, तेव्हाच मी सांगितलं होतं की मला गोड लिहायला जमणार नाही. शोकसभेत गोड बोलणारे पुष्कळ होते. दाढीवाली, झोळीवाली तरुण मुलं बेळगावातून, कुठून कुठून आली होती. एकजण म्हणाला, सर आम्हाला वडिलांसारखे. दुसरा म्हणाला, सरांच्या मनात कुणाविषयी कडवटपणा नव्हता. मी आणि वहिनी पहिल्या रांगेत बसलो होतो. त्या वाक्याला वहिनीनं माझ्याकडं बघितलं आणि मी तिच्याकडं. इतक्या वर्षांत आमचं कशावर तरी एकमत झालं असेल तर ते त्या क्षणी.

अण्णा कडवटच होता. लहानपणी पेटी शिकायला जायचा, आणि घरी येऊन मला समोर बसवून सा लावायला सांगायचा. माझा सा जरा ढळला की पेटीचा भाता फाडकन मिटायचा आणि म्हणायचा, ‘‘ऊठ. तुझा गळा म्हंजे फुटका डबा हाय.’’ मी उठून जायची. पुन्हा कधी गायला बसले नाही. पुढं तो लग्नाच्या, गणपतीच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला लागला. चिकोडी, गोकाक, गडहिंग्लज, सगळीकडं जायचा आणि सगळीकडं भांडून यायचा. गायिका बेसूर, ढोलकीवाला दारुडा, आयोजक गाढव. चिकोडीकडच्या एका खेड्यातली गिरिजा, म्हणजे माझी वहिनी, त्याला सांगून आली. घरी कानडी बोलणारी, मराठी समजणारी पण बोलायला बिचकणारी. तिच्या मराठीलाही तो सगळ्यांदेखत हसायचा. मग जागोजागी डीजे आले, ऑर्केस्ट्रा मोडला. वडील गेले, माग विकले गेले, आणि अण्णा रिकाम्या मागाच्या खोलीत खुर्ची टाकून दिवसभर दाराकडं पाठ करून बसायला लागला. त्याचं ते बसणं बघून कीव यावी असं कुणी म्हणेल. मला कीव यायची नाही, कारण कीव करायला जवळ गेलं की तो अंगावर यायचा.

त्याची मुलगी पुण्याला असते. तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना बापाला दिला. त्यात गाणी जुळवायचं कसलंसं सॉफ्टवेअर होतं. आता हे सॉफ्टवेअर म्हणजे काय, ते मी जसं बघितलं तसं सांगते. काळा पडदा, त्यावर एकाखाली एक आडवे रंगीत पट्टे. एका पट्ट्यात ढोल, त्याच्याखालच्यात बासरी, त्याच्याखाली आणखी काही. प्रत्येक पट्टा वेगळा, आणि सगळे एकदम वाजणार. अण्णा त्यांना थर म्हणायचा. बाजूला शेकडो बटणं, सगळी इंग्रजीत. अण्णाचं इंग्रजी दहावीपुरतं, आणि कुणाला विचारायचं म्हटलं की त्याची मान ताठ. तो सरळ एकेक बटण दाबत सुटला. एक दाबलं की बासरी बेडकासारखी ओरडायची, दुसरं दाबलं की सगळं गप्प. कीबोर्ड जोडला तर पट्टी दाबल्यावर सूर जरा वेळानं यायचा. अण्णा मशीनला आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. ‘‘मी आत्ता मारला, तू आत्ता वाज! उद्या काय वाजतोस रांडेच्या!’’ गल्लीत ऐकू जायचं. कित्येक आठवडे त्याची खात्री होती की मशीन मोडकं आहे. मग कुठलासा आकडा कमी केल्यावर सूर बोटाखाली आला. त्या दिवशी तो जेवायला बाहेर आलाच नाही, वहिनीनं ताट दारात ठेवलं आणि ते तसंच निवून गेलं.

एक गोष्ट मात्र मान्य करते. तो जे करत होता ते थोर असेल-नसेल, पण खोटं नव्हतं. भिंतींना त्यानं गोधड्या ठोकल्या, खिडकी पुठ्ठ्यानं बुजवली आणि एक माइक घेऊन गावभर हिंडायला लागला. शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट, कुकरची शिट्टी, भाजी मार्केटातली कानडी-मराठी ओरड, हिंडलग्याच्या रस्त्यावरचा पाऊस पत्र्यावर पडताना. हे सगळं आणून तो कापायचा, उलटं वाजवायचा, ओढून लांब करायचा, एकावर एक चढवायचा. एकदा मला मोठ्या कृपेनं आत बसवून त्यानं ते ऐकवलं. यंत्रमाग सुरू झाला, आणि त्याच्या खडखडाटाखालून हळूहळू असं काही वर आलं की आमच्या वडिलांचे माग चालू असताना दुपारी झोप लागायची तसं मला झालं. मी म्हटलं, ‘‘बरं हाय.’’ ‘‘तुला काय कळतंय?’’ अण्णा म्हणाला. संपलं. पण बेळगावच्या पोरांना कळायला लागलं होतं. ती खोलीत येऊन बसायला लागली, आणि त्यांच्याशी मात्र तो हसून बोलायचा. हे त्यांनी शोकसभेत सांगितलं ते खरंच असणार.

मग आई अंथरुणाला खिळली. मी दर शनिवारी शाळा सुटली की निपाणीहून यायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची. आल्या आल्या माझं आणि वहिनीचं जुंपायचं. पेज पातळ का केली, चादर का बदलली नाही, पाठीला जखम होईपर्यंत कूस का बदलली नाही. वहिनी आठवडाभर एकटी राबायची, आणि मी पाहुणीसारखी येऊन चुका काढायची, असं तिचं म्हणणं. तुम्ही लक्ष देत नाही, असं माझं. मी मराठीतून, ती रागात कानडीवर जायची. ‘‘अवो, माणूस हाय ती, ढोर न्हाय!’’ मी. ‘‘साकु! बायि मुच्चु!’’ ती. पुरे, तोंड बंद कर. एवढं कानडी मला चांगलंच येतं. आईची खाट मधल्या खोलीत, आम्ही दोघी खाटेच्या दोन्ही बाजूंना, आणि अण्णा मागाच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा. आम्हाला वाटायचं, तो बघतोय. तो माइक धरून उभा असायचा, हे आमच्या लक्षातही आलं नाही. त्या माइकची इतकी सवय झाली होती, की घरातल्या मांजरासारखा तो दिसेनासा झाला होता. आई त्यातच गेली, पावसाळा सुरू व्हायच्या आधी.

आईचं वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर त्या पोरांनी शेजारच्या शहापुरात एका छोट्या सभागृहात अण्णाचा कार्यक्रम ठेवला. त्यानं आम्हाला दोघींना या म्हणून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला कशाला तरी बोलावलं होतं, म्हणून मी इस्त्रीची साडी नेसून गेले. वहिनीनं गजरा माळला होता. स्टेजवर टेबल, टेबलावर लॅपटॉप, दोन बाजूंना मोठे स्पीकर आणि मधे अण्णा, पांढऱ्या शर्टात. पहिल्या दोन रचना झाल्या. टाळ्या पडल्या. मग तो म्हणाला, ‘‘पुढच्याचं नाव ‘दोघी’.’’

सुरुवातीला ठोका होता, मग एका बाईचा आवाज आला. ‘ढोर न्हाय’. पुन्हा ‘ढोर न्हाय’. मग ‘न्हाय, न्हाय, न्हाय’, कापून कापून, तालावर. लोक हसले. मी पण हसणार होते, इतक्यात तो आवाज माझा आहे हे मला कळलं. दुसऱ्या स्पीकरातून ‘साकु, साकु, साकु’ आलं, आणि वहिनीचा हात गजऱ्याकडं गेला तो तिथंच राहिला. आमचं भांडण त्या खोलीत गरागरा फिरत होतं. लोकांचे पाय हलायला लागले. माझे कान तापले होते, तरी मी बसून राहिले. म्हटलं, होऊ दे, घरी जाऊन बघते ह्याच्याकडं. पण त्या सगळ्याच्या खाली एक सूर चालू होता. तंबोऱ्यासारखा, न थांबणारा, जरासा खरखरीत. कुठल्या वाद्याचा म्हणावा कळेना. मग तो मधेच तुटला, आत ओढल्यासारखा झाला, आणि पुन्हा लागला. तसा श्वास तोडायची सवय एकाच माणसाला होती. ते आईचं कण्हणं होतं. ओढून ओढून त्यानं त्याचा सूर केला होता.

मी उठले. खुर्ची मागं पडली, तिचा आवाज झाला, कुणी बघितलं नाही. वहिनीही उठली होती. तिनंही ओळखलं होतं. मी शनिवार-रविवार ऐकलं होतं ते तिनं रोज ऐकलं होतं. आम्ही बाहेर पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिलो. आत रचना संपली, टाळ्या थांबेनात. मग एका गृहस्थांचा आवाज आला, ‘‘सगळं छान, पण ह्यात कानडी कशाला घातलंत?’’ लगेच पाठीमागून दुसऱ्या कुणीतरी कानडीत विचारलं, मराठी कशाला? अण्णा माइकवर म्हणाला, ‘‘माझ्या घरात असंच भांडत्यात. तुमच्यात येगळं असंल तर तुमी येगळं काढा.’’ पुन्हा टाळ्या.

तो लॅपटॉप काखेत धरून बाहेर आला. तोंडावर खुशी मावत नव्हती. ‘‘कसं वाटलं?’’ म्हणाला.

‘‘अण्णा, आईचं कण्हणं वाजवलंस तू?’’

‘‘एकाच सुरात कण्हायची ती. पेटीची काळी चार. तुमाला कुणाला ऐकायलाच आलं न्हाय.’’

‘‘लोकांच्या म्होरं? नाचायला?’’

‘‘मग काय करू? तिच्याबरोबर जाळू?’’ तो आता चिडला होता. ‘‘तुमी दोघी भांडत व्हता तवा ती खाली कण्हत व्हती. घरात मी एकटा ऐकत होतो तिला. एकटा!’’

मी म्हटलं, ‘‘ऐकत होतास न्हवं? मग उठून पाणी का न्हाय दिलंस?’’

माझ्याकडं न बघता तो वहिनीला म्हणाला, ‘‘चल घरी.’’ आणि वहिनी, जी आयुष्यात त्याच्या शब्दाबाहेर गेली नव्हती, ती म्हणाली, ‘‘तुमी व्हा म्होरं. मी वन्संबरोबर येते.’’ आम्ही दोघी वडगावापर्यंत चालत गेलो. वाटेत एक शब्द बोललो नाही. मैत्री झाली असं कुणी समजू नये. भांडायला आमच्याहून मोठा कुणीतरी सापडला होता, एवढंच.

त्यानंतर मी अण्णाशी बोलले नाही. दिवाळीला गेले नाही, भाऊबीज केली नाही. त्यानंही निरोप धाडला नाही. ‘दोघी’ मोबाइलवर पसरली, आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं ती मलाच ऐकवली, ‘‘काय भारी केलंय बघा,’’ म्हणून. मी स्टाफरूममधून उठून गेले. तो खोकतोय, बारीक झालाय, असं वहिनीच्या माहेरचं कुणीतरी निपाणीत भेटल्यावर सांगून गेलं. मी ऐकून घेतलं. पुढं काय झालं ते सुरुवातीला लिहिलंच आहे.

शोकसभेनंतर ती पोरं घरी आली. बेळगावात मोठा कार्यक्रम करायचाय, चांगल्या स्पीकरवर ‘दोघी’ वाजवायची, शेवटी सगळ्यांनी उभं राहून ऐकायची. त्याला आम्हा दोघींची परवानगी पाहिजे. मी तिथंच नाही म्हणणार होते. वहिनी म्हणाली, ‘‘सांगतो म्हणा.’’ पोरं गेल्यावर तिनं मागाच्या खोलीचं दार उघडलं. तो गेल्यापासून मी आत पाऊल टाकलं नव्हतं. आत गोधड्यांचा कोंदट वास होता, खुर्चीच्या पाठीवर त्याचा टॉवेल तसाच. वहिनीनं खुर्ची ओढली आणि त्याच्या जागेवर बसली. लॅपटॉप सुरू केला. मी बघतच राहिले. ‘‘वन्सं,’’ ती म्हणाली, ‘‘आपलं भांडण वाजू दे. त्याला काय... सगळ्या गल्लीनं ऐकलंय. आत्तींचं कण्हणं काढून टाकायचं.’’

पडद्यावर पट्टे आले. एक पट्टा सगळ्यात खाली होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. वहिनीनं त्यावर बाण नेला आणि एक कळ दाबली. इंग्रजीत कसलीशी चौकट उघडली. ‘‘काय म्हणतंय?’’ तिनं विचारलं. ‘‘पुसू का म्हणून विचारतंय,’’ मी म्हटलं. तिनं पुन्हा दाबली. पट्टा गेला. मग तिनं रचना लावली.

ठोका आला. माझं ‘न्हाय, न्हाय’ आलं. तिचं ‘साकु’ आलं. आणि... काही नाही. दोन बायका नळावर कचाकचा भांडतायत, तेवढंच. माझा आवाज चिरका, तिचा किरटा, ताल आपला एकीकडं. ज्यानं लोकांचे पाय हलले होते ते त्यात कुठं राहिलंच नव्हतं. मला इतका संताप आला! त्याचं बरोबर होतं. संगीताचं म्हणाल तर त्या माणसाचं शंभर टक्के बरोबर होतं, पण तेवढ्यावरून त्यानं केलं ते माफ होत नाही. हे दोन्ही एकदम खरं असणं मला सोसत नाही, आजही सोसत नाही.

वहिनीनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग तिनं दोन बोटांनी दोन कळा एकदम दाबल्या, आणि खालचा पट्टा जिथल्या तिथं परत आला. आई परत कण्हायला लागली.

‘‘हे कुठं शिकलात?’’ मी विचारलं.

‘‘दारातनं बघत होते,’’ ती म्हणाली. ‘‘ताट घेऊन उभी ऱ्हायची न्हवं मी. मागं वळून कधी बघितलं न्हाय ह्यांनी.’’

पोरांना आम्ही नाही म्हणून कळवलं. त्यातला एकजण फोनवर म्हणाला, मॅडम, ही कला आहे, ती सगळ्यांची असते. मी म्हटलं, असेल. आई आमची होती. त्यांनी हवं तर यंत्रमागाची रचना वाजवावी, ती आम्हालाही आवडते.

आईचा पट्टा पुसून परत आणला त्या दिवशी आम्ही खोलीतून उठणार, तेवढ्यात वहिनीनं ‘दोघी’ बंद केली आणि कोरी पाटी काढली. माइक माझ्या पुढ्यात सरकवला. कुठलंसं बटण दाबलं, लाल ठिपका पेटला, आणि एक पातळ रेघ आपोआप पुढं सरकायला लागली. ‘‘बोला,’’ ती म्हणाली. ‘‘काय बोलू?’’ ‘‘ह्यास्नी काय म्हणायचंय ते. तवा पायरीवर अर्धंच बोलला तुमी.’’ मला वाटलं, हा पोरखेळ आहे. पण तोंड उघडलं आणि थांबता येईना. फुटक्या डब्यापासून सुरुवात केली. उंबऱ्यात उभं राहून बघत बसण्यापर्यंत आले, तेव्हा माझा आवाज असा चढला की रेघेचे डोंगर पट्ट्याबाहेर जायला लागले, लाल झाले. घसा बसल्यावर थांबले. मग वहिनीनं खाली दुसरा पट्टा उघडला, माइक आपल्याकडं ओढला, पदर सावरला आणि कानडीत सुरू झाली. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. निम्मं मला समजलं नाही. जे समजलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिचं झाल्यावर मी विचारलं, ‘‘आता ह्याच्याखाली काय घालायचं?’’

‘‘काय घालायचं न्हाय,’’ वहिनी म्हणाली. ‘‘असंच ऱ्हाऊ दे.’’

मी आता पुन्हा शनिवारी वडगावला जाते. चहा झाला की ती मागाच्या खोलीचं दार उघडते आणि लाल ठिपका पेटवते.